मावशीचे हात गेले नव्हते

आमची मावशी काच पोचवते. दुकानं, पार्लरं, दवाखाने, नवी बांधकामं, जिथे जिथे काच नाहीतर आरसा लागतो तिथे तिची जुनी निळी पिकअप जाते. मागच्या हौद्यात लाकडी घोडी ठोकलेली आहे, तिला तिरक्या टेकवलेल्या काचा, मधे भुसा भरलेली पोती आणि वरून करकचून आवळलेले पट्टे. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, दुकानात काच कापतात, मावशी ती नेऊन देते. पूर्वी गाडीही काकाच चालवायचे. मग त्यांना समोरून येणारे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले, रस्त्याच्या कडा पुसट झाल्या, आणि एक दिवस त्यांनी किल्ली कापायच्या टेबलावर टाकली. ती मावशीने उचलली. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लोक दुकानाला 'काचेवाल्या बाईंचं दुकान' म्हणायला लागले, तेही काकांच्या देखत.

मी तिच्या बहिणीची मुलगी. त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, शाळेत शिकवते. मधे वर्षभर माझ्या मावशीचं जे केलं गेलं ते मी जवळून बघितलंय, आणि खरं सांगते, अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सुरुवात खांद्यापासून झाली. संध्याकाळी ती घरी आली की उजवा खांदा चोळत बसायची. चहाचा कप डाव्या हाताने उचलायची. "आज गाडी फार जड चालली गं," ती म्हणायची. काका टेबलापलीकडून म्हणायचे, "गाडी कशाला जड होईल? गाडी लोखंडाची आहे, तू हाडामांसाची आहेस."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायला लागले. समोरचा फ्रेमवाला आला की, "हिचे हात गेले आता." काच घ्यायला गिऱ्हाईक आलं की, "बाईंना जमत नाही पूर्वीसारखं, वय झालं." मावशी साठीची. काका तिच्याहून मोठे. त्यांच्या वयाचा विषय मात्र कधी निघाला नाही.

मावशी म्हणायची, "सकाळी बरोबर चालते हो. बोटाने फिरते स्टिअरिंग. दुपारनंतरच जड होते."

"मग तेच तर सांगतोय. सकाळी तू ताजी असतेस, दुपारी थकतेस. यात गाडीचा काय संबंध?"

ऐकायला अगदी बिनतोड. मलासुद्धा पटलं होतं.

तरी ती मिस्त्रीकडे गेली. वळणावर त्याचं गॅरेज आहे, माणूस बडबड्या पण कामाला चोख. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती गाडी घेऊन गेली. त्याने बॉनेट उघडलं, पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची डबी बघितली. तेल खुणेपर्यंत होतं. पट्टा ताणून बघितला, चाकांची हवा मोजली. मग उभ्या गाडीतच स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवून म्हणाला, "ताई, लोण्यासारखं फिरतंय. काही नाही झालेलं."

काही आठवड्यांनी ती पुन्हा गेली. पुन्हा सकाळी, पुन्हा तेल भरलेलं, पुन्हा लोणी. या वेळी मिस्त्री जरा चाचरत म्हणाला, "ताई, जुनी गाडी आहे. आणि आपणही काही आता तरुण…" पुढचं त्याने गिळलं. मावशीला ते न बोललेलंच जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी खांदा हलवून बघितला, दाबून बघितला. म्हणाल्या, "स्नायू ओढले गेलेत. तुम्ही काहीतरी जड रोज ओढताय. काय ते मला इथे बसून कळणार नाही." गोळ्या दिल्या, शेक द्यायला सांगितलं. घरी येऊन मावशीने हे जसंच्या तसं सांगितलं. काकांनी त्यातलं फक्त 'स्नायू' एवढंच ऐकलं. "बघ! डॉक्टरपण तेच म्हणतात."

आणि मग तो आरसा फुटला.

पार्लरवालीने भिंतभर आरसा मागवला होता. तिची गल्ली अरुंद, आत शिरायला काटकोनात वळावं लागतं. मावशी तिथे कितीतरी वेळा गेलेली. पण त्या दुपारी वळताना स्टिअरिंग मधेच अडल्यासारखं झालं. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, सीटवरून अर्धी उठली, तरी चाक पुरतं वळेना. पुढचं चाक गटाराच्या काठावरून खाली गेलं, गाडी एका बाजूला कलली, आणि मागून आवाज आला. काचेचं काम करणाऱ्या माणसाला तो आवाज ऐकून मागे वळून बघावं लागत नाही.

एवढ्या वर्षांत तिच्या हातून एकही काच गेली नव्हती. हा तिचा अभिमान होता. ती बोलून दाखवायची नाही, पण होता. त्या दिवशी ती घरी आली आणि हातपाय न धुता पायरीवर बसून राहिली. मी शाळेतून येत होते. मला म्हणाली, "गेले गं खरंच माझे हात."

काका आतून बाहेर आले. मला वाटलं, आता तरी दोन शब्द धीराचे बोलतील. ते म्हणाले, "बरं झालं माणसाला लागलं नाही. आता तरी ऐक. माझ्या पुतण्याला गाडी देऊ, तू माझ्याबरोबर दुकानात बस. गादी टाकून देतो खुर्चीवर."

मावशीने मान हलवली. हो म्हणून. तिला मान खाली घालून हो म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पुतण्या महिनाअखेरीला येणार असं ठरलं. तोवर हातातल्या ऑर्डरी मावशीने उरकायच्या होत्या. त्यातच काकांची थोरली बहीण आजारी पडली. त्यांना सगळे आक्का म्हणतात. काका सकाळची झाडलोट उरकून दोन-तीन दिवस त्यांच्याकडे राहायला गेले.

पहिला दिवस नेहमीसारखाच गेला. दुसऱ्या सकाळी मी खाली उतरले तर मावशी गाडीत बसलेली, इंजिन चालू, आणि स्टिअरिंग धरून नुसती समोर बघत होती. गाडीतून कुत्र्याच्या पिल्लाने केकाटावं तसा बारीक आवाज येत होता. स्टिअरिंग फिरवलं की आवाज वाढायचा.

"मावशी, काय झालं?"

"जड आहे."

"हो, पण…"

"अगं, सकाळ आहे!" ती माझ्यावर ओरडली. "आत्ता झोपून उठलेय मी. तोंड धुतलं, चहा घेतला, आणि गाडीत बसले. मी अजून काहीच केलेलं नाही. मग माझे हात थकले कधी? झोपेत?"

तिने इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. अंगणात फरशीवर, पुढच्या चाकाच्या जरा मागे, तळहाताएवढा लालसर ओला डाग होता. ती गुडघ्यावर बसली, बोट लावलं, वास घेतला. जळकट, तेलकट. तिने ते बोट मला दाखवलं. "हे पाणी नाही. आणि हे आज पहिल्यांदा पडलेलं नाही. इथली फरशी बघ, किती मुरलंय."

फरशी खरोखरच काळी पडली होती. पण ओलं कधी दिसलं नव्हतं. रोज तिथे भुसा फिरायचा. काका पहाटे उठून अंगणात भुसा टाकायचे आणि झाडून काढायचे. काचेचे बारीक तुकडे भुशात अडकतात, पायात जात नाहीत, असं ते सांगायचे. मी वरून खिडकीतून कितीदा बघितलं होतं. मला ते कौतुकाचं वाटायचं.

तेव्हाही आमच्या दोघींच्या डोक्यात ते आलं नाही, हे लक्षात घ्या. घरच्या माणसावर संशय घ्यायची सवयच नसते.

ती तशीच, दात ओठ खात स्टिअरिंग ओढत, वळणापर्यंत गाडी घेऊन गेली. मी शेजारी बसले. शाळेत उशीर होणार होता, होऊ दे म्हटलं.

मिस्त्रीने डबीचं झाकण उघडलं आणि तोच दचकला. तळाला ओलावा होता, बाकी कोरडी ठणठणीत. "ताई, मी बघितलं तेव्हा भरलेली होती."

"आता नाहीये ना? मग बघा कुठून जातंय. आणि या वेळी गाडी उभी करून लोणी लोणी म्हणू नका."

मग मात्र त्याने मनापासून काम केलं. गाडी वर उचलली आणि खाली लोळत शिरला. सगळीकडे तेलाचा थर, त्यावर धूळ बसून चिखल झालेला. "इतकं माखलंय की कुठून आलं ते कळणार नाही," तो खालून म्हणाला. "तेल निघतं एकीकडून, चॅसीवरून ओघळत जातं आणि टपकतं भलतीकडेच. जिथे डाग दिसतो तिथे दुखणं असेलच असं नाही." त्याने रॉकेल आणि ब्रशने पंप, पाइप, स्टिअरिंगचा बॉक्स सगळं धुऊन काढलं, फडक्याने कोरडं केलं. मग घरात जाऊन चक्क अंगाला लावायची पावडर घेऊन आला आणि पाइपांवर भुरभुरली.

"नवं बाळ आणलंय का?" मावशी म्हणाली. त्या सकाळची तिची ती पहिली थट्टा.

डबीत नवं तेल ओतलं. मावशी आत बसली. मिस्त्रीने सांगितलं, "इंजिन चालू करा. हळूहळू पूर्ण डावीकडे. आता उजवीकडे. टोकाला नेऊन धरून ठेवू नका, लगेच सोडा." बराच वेळ काहीच झालं नाही. पांढरी पावडर पांढरीच. मला वाटलं, झालं, आता हा पुन्हा वयाचं काहीतरी बोलणार.

"अजून एकदा उजवीकडे," तो म्हणाला, आणि मग, "थांबा! दिसलं. बंद करा."

त्याने मला बॅटरी दाखवून बघायला लावलं. पंपापासून निघणारा जाड रबरी पाइप जिथे लोखंडी नळीत दाबून बसवलेला असतो, तिथे पावडरीवर एक बारीक लाल रेघ उमटली होती. इंजिन बंद असलं की तिथून काही येत नव्हतं. इंजिन चालू असताना, जोराने उजवीकडे वळवलं की दाब वाढायचा आणि त्या फटीतून तेलाचा फवारा उडायचा. काचा भरलेली गाडी, अरुंद गल्ल्या, दिवसभर वळणंच वळणं. दुपारपर्यंत डबी रिकामी व्हायची. मग पंप हवा ओढणार, आणि सगळं वजन मावशीच्या खांद्यावर.

"चूक माझी," मिस्त्री म्हणाला. "गाडी चालवून बघायला हवी होती. डबी भरलेली दिसली आणि मी तिथेच थांबलो." मग त्याने हात पुसले आणि डोकं खाजवलं. "पण ताई, एक कळत नाही. एवढं तेल जातंय म्हणजे रोजच्या रोज भरावंच लागणार. तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा डबी भरलेली. तुम्ही भरत होतात का?"

"मला झाकण कुठलं तेसुद्धा आज कळलं."

"मग कोणीतरी भरतंय."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी भुशाचा विचार करत होते, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तीही तोच करतेय.

घरी आल्यावर तिने शोधाशोध केली नाही. सरळ कापायच्या टेबलामागे गेली, जिथे मोडक्या फ्रेमा रचून ठेवल्यात, आणि हात घालून तेलाचा कॅन बाहेर काढला. लाल तेल, अर्धं संपलेलं. शेजारी एक नरसाळं, स्वच्छ पुसून ठेवलेलं. काका नीटनेटके आहेत, तेवढं कबूल.

तिने कॅन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि ठरल्या ऑर्डरी पोचवायला निघून गेली. पाइप बदलून झाला होता.

दुसऱ्या दिवशी काका परतले. मी मुद्दाम खाली थांबले होते. त्यांनी पिशवी ठेवली, टेबलाकडे बघितलं आणि तिथेच उभे राहिले.

"किती दिवसांपासून?" मावशीने विचारलं.

"काय किती दिवसांपासून?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. किती दिवसांपासून गाडीत तेल ओतताय?"

काका खुर्चीत बसले. "अगं, तुझ्या काळजीपोटी केलं. डोळे गेल्यावर मला कळलं रस्ता काय असतो ते. तू गाडी सोडावीस म्हणून… डाग दिसला तेव्हा वाटलं, चला, आपोआप जड होईल गाडी, आपोआप सोडशील. आणि धोका नको म्हणून मी सकाळी भरून ठेवत होतो ना! अगदीच रिकामी ठेवली नाही कधी."

त्यांना वाटत होतं, हा त्यांचा बचाव आहे.

"काळजी?" मावशीचा आवाज चढला नाही, पण मला तिथून पळून जावंसं वाटलं. "काळजी असती तर पाइप बदलला असतास. मला काचा भरून, भर दुपारी, न वळणारी गाडी घेऊन रस्त्यावर पाठवलंस तू. पुढे एखादं पोर असतं तर? मी चिरडलं असतं आणि तू म्हणाला असतास, हिचे हात गेले."

ती 'तू' म्हणाली होती. लग्न झाल्यापासून 'अहो' आणि 'तुम्ही' शिवाय बोलली नव्हती. काकांनाही ते ऐकू आलं. ते पार बारीक आवाजात म्हणाले, "दिवसभर मी एकटा असतो इथे. लोक येतात ते तुला विचारत येतात. वाटलं, दोघं बसू."

सांगायला हरकत नाही, मला त्या क्षणी त्यांची दया आली. मावशीलाही आली असावी, कारण ती खाली बघत होती. पण मग ती म्हणाली, "मग तसं म्हणायचं. 'बस माझ्यापाशी' एवढं म्हणायला तुझी जीभ झिजली असती? त्यापेक्षा मला म्हातारी ठरवणं सोपं वाटलं. मी आरशात बघून हात पारखत होते रे. रात्र रात्र खांदा शेकत होते आणि तू शेजारी घोरत होतास."

काका म्हणाले, "चुकलं."

"चुकलं मला सांगू नकोस. ज्या ज्या माणसाला सांगितलंस ना की हिचे हात गेले, त्या त्या माणसाला जाऊन खरं सांग. मी बरोबर येते."

तिने ते करून घेतलं. काकांना गाडीत शेजारी बसवून घेऊन गेली. फ्रेमवाल्यापाशी काकांनी सुरुवात केली, "गाडीत जरा बिघाड होता…" मावशी मागून म्हणाली, "आणि?" "आणि मला माहीत होता." "आणि?" "आणि मी सांगितलं नाही." फ्रेमवाला आधी हसला, मग मावशीचं तोंड बघून हसायचा थांबला.

खरा संताप पुढे होता. पार्लरवालीने सगळं ऐकलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "अय्या, किती प्रेम हो तुमच्यावर! आमच्या ह्यांना तर मी घरी आहे की बाहेर तेही माहीत नसतं." आणि मिस्त्रीची बायको म्हणाली, "पुरुषांना सांगता येत नाही, ते असंच काहीतरी करतात." जो तो काकांच्या पाठीवर थोपटत होता. वर्षभर जिचा खांदा दुखला, जिच्या हातून आरसा फुटला, जिने मान खाली घातली, तिला कोणी विचारलं नाही. उलट तिलाच सांगत होते, आता ताणू नका.

आक्का तर बऱ्या होताच स्वतः आल्या. "माझ्या भावाने तुझ्या भल्यासाठीच केलं. एवढं काय मनावर घ्यायचं?"

"वन्सं," मावशी म्हणाली, "तुमच्या औषधात कोणी रोज पाणी घातलं, आणि तुम्ही झुरायला लागलात की म्हणालं, म्हातारपण आलं बघा, तर तुम्ही त्याला काय द्याल?"

आक्का भावाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू असं केलंस? नीट सांग मला." आणि काकांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. आक्का शेवटपर्यंत ऐकत होत्या. जाताना काकांशी काहीच बोलल्या नाहीत. मला विचाराल तर काकांना सगळ्यात जास्त तेच लागलं.

पुतण्याला नको म्हणून कळवलं. मावशीने मिस्त्रीकडून डबी कशी बघायची ते शिकून घेतलं. आता रोज सकाळी तीच बॉनेट उघडते आणि काकांना त्याच्या जवळपास फिरकू देत नाही. खांदा हळूहळू बरा झाला. पुरता नाही, थंडीत अजून दुखतो, आणि तो वयानेच दुखतो हे ती स्वतः सांगते. ते सांगायला तिला काही वाटत नाही. वय तिचं आहे.

अबोला बरेच दिवस चालला. मग कामापुरतं बोलणं सुरू झालं. माप सांगायला, पट्टे आवळताना दुसरं टोक धरायला. 'तुम्ही' परत आलं नाही. काका 'तू' ऐकून घेतात.

मागच्या आठवड्यात दवाखान्याची मोठी ऑर्डर होती. काका आतून काचा आणून देत होते, मावशी घोडीला टेकवत होती. शेवटची काच ठेवून झाल्यावर काका हौद्यापाशी घुटमळले. म्हणाले, "येऊ का बरोबर? आज दुकानात फारसं काम नाही."

मावशीने पट्टा आवळला, गाठ ओढून बघितली.

"आज नको," ती म्हणाली. "पण विचारलंस ते बरं केलंस."

आणि गाडी फाटकातून बाहेर काढून, एका हाताने स्टिअरिंग फिरवत, ती उजवीकडे वळून गेली.